आधीं टेकू

दिग्रसासारख्या तालुक्याच्या गांवीं एखाद्या घरांत नवी वस्तु आली, म्हणजे ती प्रथम शेजाऱ्यांस कळते, मग पानठेल्यावरील मंडळींस कळते, आणि सर्वांच्या शेवटीं त्या घरच्या वडील माणसांस कळते. आमच्या घरीं मोटार उचलण्याचें यंत्र आलें तेव्हांहि क्रम हाच राहिला. सकाळीं आम्ही पानठेल्यावर उभे होतों, तोंच एका परिचित गृहस्थांनीं आमचें अभिनंदन केलें व "आतां घरींच गॅरेज काढणार वाटतें?" असा प्रश्न केला. आम्हांस त्यांतलें अक्षरहि ठाऊक नव्हतें. परंतु घरची वार्ता बाहेरच्याकडून कळली हें कबूल करणें आमच्या वयास शोभणारें नसल्यामुळें, "पाहूं, विचार चालला आहे," असें गंभीर उत्तर देऊन आम्ही घराकडे वळलों. दारांत एक टेम्पो उभा होता, आणि चार माणसें मिळून दोन लांब, अंगानें चपट्या, लोखंडी चौकटी कोठ्यांत नेत होतीं.

कोठा म्हणजे गुरांचा गोठा, हें वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांस सांगावयास हवें. आमच्या आजोबांनीं बांधलेल्या या कोठ्यांत एके काळीं चार बैल, दोन गाई, कडब्याची रास आणि एक बंडी एवढा संसार सुखानें नांदत असे. पुढें शेतीच्या वांटण्या झाल्या, बैल विकले गेले, आणि अखेरीस बंडीचीं चाकेंहि कोणी एक हौशी गृहस्थ आपल्या बागेच्या शोभेसाठीं घेऊन गेला. गव्हाणीच्या जागीं भिंत आली, मातीच्या जमिनीवर शहाबादी फरशी आली, व बैल जेथें रवंथ करीत बसत तेथें आतां मोटार विसांवा घेते. नांव मात्र पालटलें नाहीं. "गाडी कोठ्यांत लावली का?" असेंच आमच्या घरीं अजून विचारतात, व पाहुण्यांस त्याचें हंसूं येतें.

हें यंत्र आमच्या चिरंजीवांनीं मागविलें होतें. पुण्याच्या एका कारखान्यांत दहा वर्षें नोकरी करून ते गांवीं परतले, आणि येथें त्यांनीं ठिबक सिंचनाच्या सामानाचें दुकान घातलें. दुकान बरें चालतें. पण पाने आणि पेंच यांत वाढलेले हात गल्ल्यावर स्वस्थ बसत नाहींत. रविवारीं मोटारीखालीं शिरल्यावांचून त्यांस जेवण गोड लागत नाहीं. आजवर हें काम ते मोटारीबरोबर मिळालेल्या जॅकवर भागवीत. परंतु तो जॅक रस्त्यावर चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरंवशावर मोटारीखालीं अंग घालणें म्हणजे शिडी समजून खुर्चीच्या पाठीवर चढण्यासारखें आहे, असें ते सांगत. गॅरेजवाल्यांकडे असते तशी जमिनींत पुरलेली मोठी लिफ्ट घरांत बसविणें शक्य नव्हतें. तेव्हां मधला मार्ग म्हणून त्यांनीं ही हलवितां येणारी लिफ्ट घेतली. तिच्या दोन चौकटी मोटारीच्या दोन बाजूंस, पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यें सरकवावयाच्या. विजेचा एक लहान पंप नळ्यांवाटे त्यांत तेल दाबतो. चौकटींतले लोखंडी हात उभे राहूं लागतात, आणि हजार किलोंची मोटार पाहतां पाहतां दीड फूट वर येते. काम संपलें कीं नळ्या काढाव्या, चौकटी भिंतीशीं टेकून ठेवाव्या, आणि कोठा मोकळा.

पहिल्या दिवशीं हा प्रयोग पाहावयास आळींतील निम्मीं माणसें जमलीं होतीं. आम्हीहि खुर्ची टाकून बसलों, आणि हें बळ येतें कोठून अशी पृच्छा केली. चिरंजीवांनीं आम्हांस शाळेंतला धडा पुन्हां वाचून दाखविला. बंद भांड्यांतील द्रवास एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा नियम सतराव्या शतकांत पास्कल नांवाच्या फ्रेंच पंडितानें मांडला. लहान दट्ट्यावर एक किलोचा जोर दिला, आणि दुसरा दट्ट्या शंभरपट क्षेत्रफळाचा असला, तर त्यावर शंभर किलो उचलले जातात. मात्र हा सौदा फुकटचा नव्हे: लहान दट्ट्या शंभर बोटें खालीं गेला म्हणजे मोठा एक बोटभर वर चढतो. इंग्लंडांतील जोसेफ ब्रामा या कारागिरानें १७९५ सालीं या तत्त्वावरील दाबयंत्राचें पेटंट घेतलें. आमच्या कापसाच्या मुलुखास तें यंत्र परकें नाहीं. प्रेसिंगच्या कारखान्यांत रुईची १७० किलोंची घट्ट गांठ बांधतात ती याच दाबानें. जो दाब कापसास खालीं चेपतो, तोच उलट फिरविला कीं मोटारीस वर चढवितो. अमेरिकेंतील मेम्फिस शहरीं पीटर लुनाटी नांवाच्या गृहस्थानें मोटार उचलण्याची पहिली तेलावरची लिफ्ट १९२५ च्या सुमारास काढली, व ती कल्पना त्यास न्हाव्याच्या वर-खालीं होणाऱ्या खुर्चीवरून सुचली, असें सांगतात. ही शेवटची गोष्ट आमच्या आळींतील मंडळींस सर्वांत अधिक पटली.

"पण बाबा," चिरंजीव म्हणाले, "तेलाचें काम उचलण्याचें. धरून ठेवण्याचें नव्हे."

मग त्यांनीं आम्हांस खटके दाखविले. प्रत्येक चौकटींत दांते असतात, व वर चढणाऱ्या हाताखालीं एक लोखंडी आडणा त्या दांत्यांत पडतो. तो पडला म्हणजे स्पष्ट आवाज होतो. त्यानंतर पंपाचा दाब थोडा सोडून मोटार त्या आडण्यावर बसवावयाची. तेवढें केलें कीं भार तेलावरून निघून लोखंडावर येतो; मग नळी फुटो, वीज जावो, रबराची कडी झिजो, मोटार जागची हलत नाहीं. तेलाचें बळ केवढेंहि असलें तरी तें कोंडलेल्या वस्तूचें बळ आहे. त्यास एक बारीक वाट सांपडली, कीं हजार किलो उचलणारें तेंच तेल फरशीवर वाटीभर डाग होऊन पडतें. चिरंजीव एवढ्यावरहि थांबत नसत. खटके बसल्यावर मोटारीच्या मजबूत भागांखालीं ते चार लोखंडी घोड्या ठेवीत, आणि मगच पाठीवर निजून आंत सरकत.

हें ऐकतांना आम्हांस पन्नास वर्षांपूर्वींचा हाच कोठा आठवला. पोळ्याच्या आधीं बंडीस वंगण घालावयाचें असे. दोन गडी बंडीच्या बाजूस खांदा देत, "हां!" म्हणून एकदम जोर करीत, चाक जमिनीपासून चार बोटें सुटे, तोंच म्हातारा सालदार बाभळीच्या बेचक्याचा टेकू कण्याखालीं सरकवी. मग गडी खांदे काढीत. मग सालदार बंडीच्या अंगावर तळहात ठेवून तिला आडवा रेटा देई. एकदां, आणि पुन्हां एकदां. बंडी डुलली नाहीं म्हणजे खीळ निघे, चाक बाहेर येई, आणि एरंडेलाचें काळें वंगण कण्यास फांसलें जाई. आम्ही तेव्हां आठ-नऊ वर्षांचे होतों. एकदां टेकू लागण्यापूर्वींच, वंगणाच्या मोहानें, आम्हीं कण्याकडे हात नेला. त्या सालदारानें जन्मांत एकदांच आम्हांस मारलें तें तेव्हां. फटका हातावर बसला, आणि त्याबरोबर चार शब्द कानावर पडले : "आधी टेकू, मंग हात." मालकाच्या नातवास मारल्याबद्दल त्यास कोणी बोलेल असें आम्हांस वाटलें होतें. आजोबांनीं हकीकत ऐकली, आणि सालदारास नवें धोतर दिलें.

ही गोष्ट आम्हीं त्या दिवशीं जमलेल्या मंडळींस मोठ्या ऐटीनें सांगितली. जुन्या माणसांचें शहाणपण, नवें यंत्र आणि जुना नियम, इत्यादि विषयांवर थोडें प्रवचनहि केलें. सुशिक्षित माणसास एखादें तत्त्व सुंदर रीतीनें सांगतां आलें, म्हणजे तें आपल्या अंगीं बाणलें असाच त्याचा समज होतो. आमचाहि झाला.

त्यानंतर सुमारें चार महिन्यांची गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस होऊन गेला होता. पुसदास आमच्या एका आप्तांकडे साखरपुडा होता. मुहूर्त अकराचा, आणि वडीलधारे म्हणून आमची उपस्थिति तेथें अगत्याची. निघण्याच्या सुमारास चिरंजीवांनीं मोटार सुरू केली तों खालून पत्रा वाजल्याचा खडखडाट होऊं लागला. धुराच्या नळीवरचें आच्छादन सैल झालें होतें.

"किती वेळ लागेल?" आम्हीं विचारलें.

"वीस मिनिटें, बाबा. चौकटी नीट बसवून, खटके, घोड्या..."

आम्हीं घड्याळाकडे पाहिलें. आम्ही नेसून-सवरून तयार होतों. डोक्यावर टोपी होती, हातांत आहेराचें पाकीट होतें, आणि मनांत वेळेवर पोंचणारा गृहस्थ म्हणून असलेला आमचा लौकिक होता. "अरे, एक पेंच आवळावयाचा," आम्ही म्हणालों, "त्याला खटके आणि घोड्या कशाला? उचल, दोन मिनिटें खालीं जा, आणि ये."

चिरंजीवांनीं आमच्याकडे एकदां पाहिलें. त्या पाहण्यांत विरोध नव्हता. असता तर बरें झालें असतें. चाळीस वर्षांचा, यंत्रांत मुरलेला तो मनुष्य त्या एका क्षणापुरता आमचा लहान मुलगा झाला, आणि 'बरें' म्हणून कामास लागला. पंप गुणगुणला, मोटार वर गेली, आणि ते खालीं सरकले. आम्हीं समाधानानें घड्याळ पाहिलें.

स्वयंपाकघराची खिडकी कोठ्याकडे उघडते. सूनबाई आंत कणिक मळीत होत्या. त्यांस यंत्रांतलें फारसें कळत नाहीं, असें त्याच म्हणतात. पण दर रविवारीं त्यांच्या कानांवर एक क्रम पडत आला होता : पंपाची गुणगुण, मग एक खटका, मग दुसरा खटका, मग फरशीवर घोड्या ओढल्याचा आवाज. त्या दिवशीं गुणगुण थांबली, आणि पुढें कांहींच वाजलें नाहीं. पोळीची कणिक हातांस तशीच असतां त्या दारांत आल्या.

"अहो, आज खटके वाजले नाहींत."

"सूनबाई, दोन मिनिटांचें काम आहे," आम्हीं उत्तर दिलें.

आमच्या घरीं सासऱ्याच्या शब्दावर सून उलट बोलत नाहीं. त्याहि बोलल्या नाहींत. त्यांनीं आमच्याकडे पाहिलेंहि नाहीं. त्या मोटारीजवळ गेल्या, खालीं वांकल्या, आणि एवढेंच म्हणाल्या : "अहो, आधीं बाहेर या." त्या स्वरांत विनंति नव्हती. चिरंजीव थोडेसे त्रासून बाहेर सरकले, कपड्यास हात पुसले, व खटके बसविण्याकरितां पंपाचें बटण दाबावें म्हणून वळले.

बटणापर्यंत हात गेला नाहीं. कोणी लांब सुस्कारा टाकावा तसा बारीक आवाज झाला, आणि डावी चौकट बसूं लागली. फार वेगानें नव्हे. आम्हां तिघांसहि तें दिसत होतें, आणि तिघांच्यानेंहि कांहीं होण्यासारखें नव्हतें. मोटार डावीकडे कलली, उजव्या बाजूच्या रबरी ठोकळ्यावरून घसरली, आणि सारा कोठा हादरवून खालीं आली. फरशीवर तेलाचा ओघळ आमच्या वहाणेपर्यंत आला. जेथें क्षणापूर्वीं चिरंजीवांची छाती होती, तेथें मोटारीचें पोट आणि फरशी यांमध्यें वीतभरहि जागा उरली नव्हती.

कोणी कांहीं बोललें नाहीं. सूनबाईंनीं कणकेचा हात भिंतीस टेकला. त्या पांच बोटांचा ठसा पुढें कितीतरी दिवस तेथें होता, आणि तो पुसावा असें घरांत कोणास वाटलें नाहीं.

पुसदास आम्ही एस. टी. नें गेलों. मुहूर्त टळून गेला होता, आणि आमच्यावांचून तेथें कांहींहि अडलें नव्हतें. जातांना आम्ही व चिरंजीव एकाच बांकावर बसलों होतों. अर्धी वाट सरेपर्यंत आम्ही बाहेरचीं ओलीं, काळीं शेतें पाहत राहिलों. वडिलांनीं मुलापाशीं चूक कबूल करण्याचा प्रघात आमच्या पिढींत नव्हता. आमच्या वडिलांच्या तोंडून तसें वाक्य आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. अखेर आम्ही म्हणालों, "आज चूक माझी झाली." चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबा, खटका मी लावायला हवा होता. तुम्ही काय वाटेल तें म्हणाला असतां तरी." हें ऐकून आमचें मन हलकें झालें नाहीं, उलट अधिकच जड झालें, परंतु तें योग्य तेंच बोलले, यांत शंका नाहीं.

पुढल्या रविवारीं त्या दुर्घटनेची चौकशी बसली. पहिलें कारण लगेच सांपडलें. हलवितां येणें हा या लिफ्टचा गुण, आणि तोच तिचा दोष. दर वेळीं चौकटी उचलतांना, उभ्या करतांना नळ्या वळतात, जोडांस ताण बसतो. डाव्या नळीचा जोड असाच हळूहळू सैल झाला होता. त्याच्या खालीं फरशीवर तेलाचा रुपयाएवढा डाग अनेक दिवस होता. आम्ही सर्वांनीं तो पाहिला होता, आणि जुनी मोटार म्हटली कीं तेल गळायचेंच, अशी आपली समजूत घातली होती.

दुसरें कारण अधिक खोल निघालें. चिरंजीवांनीं हातोडीच्या दांड्यानें फरशी वाजवून पाहिली, तों डाव्या चौकटीच्या जागीं ती मडक्यासारखी पोकळ वाजली. त्या दिवशीं फरशीनें दगा दिला नव्हता; पण लवकरच दिला असता. दिग्रसच्या परिसरांत काळी कपाशीची जमीन आहे. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, आणि यवतमाळ जिल्ह्याच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास खेळूं लागला म्हणजे आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर नुसती शहाबादी अंथरली तर एक-दोन वर्षांतच तिच्याखालीं पोकळी होते. माणसें चालतात तोंवर कोणास पत्ता लागत नाहीं. पण मोटारीचा सारा भार दोन चौकटींच्या अरुंद पायांवर एकवटला म्हणजे तीच फरशी पापडासारखी मोडते. लिफ्टबरोबर आलेलें पुस्तक कपाटांतून शोधून काढलें. अशा बहुतेक पुस्तकांत असते तशी सूचना त्यांतहि पहिल्याच पानांवर होती : जमीन सपाट हवी, काँक्रीट अभंग आणि निदान चार इंच जाडीचें हवें, व फरशी किंवा डांबर यांवर यंत्र उभें करूं नये. पुस्तक इंग्रजींत होतें आणि अक्षर बारीक होतें, एवढ्या सबबीवर तें आमच्या घरांत कोणीं वाचलें नव्हतें.

मग आम्हीं कोठ्याची जमीन नव्यानें केली. काळी माती उकरून काढली, मुरूम भरून पाणी मारून धुमसानें ठोकला, आणि त्यावर काँक्रीट टाकलें. काँक्रीटची नेमकी ताकद २८ दिवसांनीं धरतात. तोंवर चिरंजीवांनीं लिफ्ट गुंडाळून ठेवली, आणि आम्हीं रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्याचें काम मागून घेतलें. त्या वयास दुसरें प्रायश्चित्त झेपण्यासारखें नव्हतें.

आतां आमच्या कोठ्यांत जो क्रम चालतो तो, ज्यांच्या घरीं मुलगे किंवा पुतणे मोटारीखालीं शिरतात अशा वाचकांसाठीं येथें सांगून ठेवतों. प्रथम नळ्यांचे जोड बोटांनीं चाचपून पाहावयाचे, आणि तेलाचा थेंब दिसला तर त्या दिवशीं काम बंद. मोटारीचें वजन कागदपत्रांत लिहिलेलें असतें. लिफ्टची ताकद त्याहून चांगलीच अधिक असली पाहिजे, आणि डिकींतलें सामान आधीं उतरवून घ्यावयाचें. मोटार कोठेंहि धरून उचलावयाची नाहीं. कारखान्यानें पत्र्याच्या कडेला चार जागा ठरवून दिलेल्या असतात, रबरी ठोकळे त्यांच्याच खालीं यावयास हवेत. पोटाचा पत्रा किंवा इंजिनाची तेलाची परात यांवर भार देणें म्हणजे माणसास बरगडीनें उचलण्यासारखें आहे. विजेवरच्या नव्या मोटारींच्या पोटाशीं बॅटरीची पेटी असते, तिला तर स्पर्शहि होतां कामा नये.

चाकें जमिनीपासून चार बोटें सुटलीं कीं थांबावयाचें, आणि मोटारीस तळहातानें रेटा द्यावयाचा. डुलली, तर खालीं घेऊन पुन्हां मांडावयाचें. मग पुरती उंची, मग दोन्हीं बाजूंचे खटके एकाच दांत्यावर, मग भार त्यांवर उतरविणें, मग घोड्या. घोड्यांच्या ऐवजीं विटांची चवड किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे लावण्याची रीत आपल्याकडे फार आहे. वीट सूचना देऊन फुटत नाहीं. उभी असते तोंवर असते, आणि मग नसते. खालीं माणूस असतां मोटारींत कोणीं बसावयाचें नाहीं, दार आपटावयाचें नाहीं, गंजलेल्या पेंचाशीं अंगबळानें झटापट करावयाची नाहीं. इंजिनासारखा जड भाग काढावयाचा असला, तर त्यामुळें मोटारीचा तोल मागें सरकतो, हें काम आरंभण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावयाचें. मुलें आणि मांजरें कोठ्याबाहेर. सर्वांत शेवटीं, घरांत दुसरें कोणी जागें आणि हांकेच्या अंतरावर नसेल, तर मोटार उचलावयाचीच नाहीं.

हा क्रम एकदां लिहून काढला, आणि आमच्या ध्यानांत आलें कीं यांत सालदारास ठाऊक नव्हतें असें फारच थोडें आहे. खांदा देणारे निराळे, टेकू लावणारा निराळा. खांद्यावर विसंबून हात घालावयाचा नाहीं. टेकू लागल्यावरहि एकदां रेटून पाहावयाचें. त्यानें पास्कलचें नांव ऐकलें नव्हतें. परंतु उचलणें आणि धरून ठेवणें हीं दोन भिन्न कामें आहेत, हें त्यास पक्कें उमगलें होतें. उचलण्याचें काम डोळ्यांत भरतें, त्याचा आवाज होतो, तें पाहावयास आळी जमते. धरून ठेवण्याचें काम कोणी पाहत नाहीं, व तें नीट झालें म्हणजे कांहींच घडत नाहीं. म्हणूनच घाई झाली कीं तेवढेंच काम आपण गाळतों. त्या दिवशीं आमच्या घरांत पंप होता, तेल होतें, वडिलांचा शब्द होता. या सर्वांचा जोर उचलण्याकडे होता. टेकूचें काम एकट्या सूनबाईंनीं केलें, तेंहि कणकेच्या हातांनीं, आणि सासऱ्याच्या शब्दाआड पाऊल टाकून. त्याबद्दल आम्हीं त्यांस अद्याप शब्दांनीं कांहीं म्हटलेलें नाहीं. जमीन नवी केली तेव्हां स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी काढून ती थोडी रुंद करून घेतली, एवढेंच.

गेल्या दसऱ्यास मोटारीची पूजा झाली. झेंडूची माळ बांधली, हत्यारें पाटावर मांडलीं, लिफ्टच्या चौकटींस हळदकुंकूं लागलें. तेव्हां माळ्यावर कांहीं शोधतांना बंडीचा तो बाभळीचा टेकू आमच्या हातीं आला. वाळवी लागलेली नव्हती. बेचक्यांत वंगणाचा काळा डाग अजून होता. आम्हीं तो खालीं आणून पाटाशेजारीं उभा केला. नातवानें विचारलें, "आजोबा, हें कशाचें हत्यार?" आम्ही उत्तर जुळवीत होतों, तोंवर सूनबाईंनीं त्यालाहि हळदकुंकूं लावून टाकलें होतें.

रविवारचें काम आतांहि चालतें. आम्ही कोठ्याच्या दारांत खुर्ची टाकून बसतों. चिरंजीवांनीं आमच्याकडे एकच काम सोंपविलें आहे : दोन खटके ऐकणें. वयोमानानें आमचे कान मंद झाले आहेत, आणि एखादे वेळीं दुसरा खटका ऐकूं आला कीं नाहीं याची खात्री राहत नाहीं. तेव्हां आम्ही पुन्हां विचारतों. पूर्वीं एकच गोष्ट दोनदां विचारली कीं चिरंजीव वैतागत असत. आतां ते खटक्यावर पानाचा ठोका देऊन दाखवितात, आणि मग मोटारीखालीं जातात.